सलामाच्या कानामागची वेणी

सुरवेळच्या बंदरावरून दक्षिणेकडे चालत गेलं की समुद्रात उतरणारा एक काळा, सपाट कातळ लागतो. त्याला सलामाचा कातळ म्हणतात. ओहोटीच्या वेळी सिद्दी वाडीतल्या बायका तिथे मुलींना पुढ्यात घेऊन बसतात आणि त्यांच्या केसांच्या बारीक वेण्या घालतात. टाळूला चिकटून, कपाळापासून मानेपर्यंत ओळीने. नवरीच्या वेण्या तर इथेच घालायच्या. का, ते वाडीतले जुने लोक सांगतात ते असं.

फार वर्षांपूर्वी हबशांच्या मुलखातून माणसं विकायला आणणारं एक गलबत इथे लागलं. त्यात तुमा नावाची बाई होती आणि तिची लहानगी लेक सलामा. गलबतावर पोरीच्या केसांच्या पार जटा झाल्या होत्या. किनाऱ्यावर उतरवल्याबरोबर तुमाने तिला या कातळावर बसवलं, एकेक जट सोडवली आणि वेण्या घालायला घेतल्या. पलीकडे व्यापारी विकत घ्यायची माणसं निवडत होते. तुमाची बोटं भराभर चालली होती म्हणे.

डाव्या कानामागची वेणी तेवढी राहिली, तेव्हा एकाने येऊन तुमाचा दंड धरला.

"एवढी एक घालू दे," ती आपल्या भाषेत म्हणाली. त्याला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी तो थांबला नसता. ओढत नेताना ती ओरडली, "सलामा, माझ्या हातच्या वेण्या मी कुठेही ओळखेन!"

तिला नेणारं गलबत उत्तरेला गेलं. सलामा इथल्याच एका घरी राबायला राहिली. पुढे उवा झाल्या म्हणून मालकिणीने तिचं डोकं भादरून टाकलं. त्या दिवशी पोर जेवली नाही. पण आईची बोटं कुठून कुठे गेली होती, ते तिच्या टाळूला आठवत होतं.

मोठेपणी सुटका झाली, तेव्हा ती वाडीत येऊन राहिली. तिला मूलबाळ झालं नाही. वाडीतली जी मुलगी हाती लागेल तिच्या वेण्या ती आईसारख्या घालायची. "या पोरी लग्न होऊन बंदरोबंदरी जातील," ती म्हणायची. "एखादी तरी आईच्या नजरेला पडेल." कानामागची वेणी मात्र कशी पुरी होते, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती अंदाजाने सरळ मानेकडे न्यायची.

असं करता करता सलामाचे केस पिकले. तिच्या हातच्या वेण्या घालून काठेवाडात दिलेली रुकय्या पहिल्यांदा माहेरी आली, ती आधी सलामाच्याच दारात.

"खाला, तिकडे विहिरीवर एका म्हातारीने माझं डोकं धरलं. सोडेचना. चाचपत राहिली, रडली. मग कानामागची वेणी उसवून पुन्हा घातली. म्हणाली, ही चुकलीय, ही अशी वर वळते."

"नाव काय तिचं?"

"तुमा."

"मग तिला घेऊन का नाही आलीस गं?"

रुकय्याची मान खाली गेली. "आणणारच होतो, खाला. गलबतही ठरलं होतं. त्याआधीच तापाने गेली. माझी लेक जिवंत आहे, एवढंच सगळ्यांना सांगत होती."

सलामाने रुकय्याला कातळावर नेलं, पुढ्यात बसवलं आणि कानामागून वर वळलेल्या त्या वेणीवरून बोट फिरवत राहिली. पाणी पायांना लागलं, तरी तिचं बोट थांबेना. शेवटी ती वळून पाठमोरी बसली.

"आता माझी घाल," म्हणाली. "तेवढीच राहिलीय."

रुकय्याने तिच्या पांढऱ्या केसांत ती वेणी घातली. तेव्हा कुठे सलामाला रडू फुटलं.

आजही या वाडीत आई लेकीच्या सगळ्या वेण्या घालते आणि डाव्या कानामागचे केस मोकळे सोडते. सासरी गेल्यावर तिथली सगळ्यांत थोरली बाई नवरीला पुढ्यात घेते, ती शेवटची वेणी वर वळवून घालते आणि विचारते, "बाकीच्या कोणाच्या हातच्या गं?"

मुलगी आईचं नाव घेते. आई हयात नसली, तरी तिचंच.