कोनाडे झाडण्याचा नियम

त्या मुलखात घरं जवळ होती आणि माल दूर होता. घरं म्हणजे बिळं. माल डोंगरापलीकडे मिळायचा आणि मैना तो घेऊन दारोदार यायच्या. कुणी बी आणायची, कुणी औषधाची मुळी, कुणी नुसत्याच बातम्या. पण डोंगरावरचा वारा असा, की डोंगर ओलांडला की मैनेला मागचं काही आठवत नसे. काल जिच्या दारात बसून गप्पा मारल्या, ती आज परकी. मैनेचा त्यात दोष नव्हता. वाराच तसा.

म्हणून फार पूर्वी एक रीत पडली. प्रत्येक बिळाच्या दाराबाहेर एक कोनाडा असायचा. जाताना मैनेने त्यात आपल्या रंगाचे खडे मांडायचे, पुढच्या खेपेला आधी ते बघायचे आणि मगच बोलायला चोच उघडायची. दुसरीच्या रंगाला शिवायचं नाही, आणि दार बंद असेल तर कोनाड्याकडे बघायचंही नाही, एवढं पथ्य. आठवण मैनेची, पण ती राहायची गिऱ्हाइकाच्या दारी. तसं पाहिलं तर सोय चांगली होती.

नदीकाठच्या कासविणीचं तर सगळं त्या कोनाड्यावरच चालायचं. ती दरवर्षी वाळवंटात अंडी घाली, वर वाळू ओढी आणि ऊन तापू लागलं की चिखलात खोल शिरून झोपी जाई. जागी होईपर्यंत वाऱ्याने वाळवंटाचं रूप पार पालटलेलं असे. म्हणून निळ्या खड्यांची मैना अंड्यांची जागा वरून हेरून कोनाड्यात मांडून ठेवी. हा नदीचा वळसा, हे पडलेलं झाड, ही जागा. उठल्यावर कासवीण तिथे जाऊन आडवी उभी राही, आणि पिल्लं तिच्या सावलीसावलीने पाण्यात उतरत. सावली नसली तर उघड्या वाळूवरचं पिल्लू आभाळातून फार लांबवरून दिसतं.

"काय काकू, झोप झाली का?" खडे बघून मैना विचारायची. "मागच्या खेपेला मान आखडली होती तुमची."

"मान आहे तिथंच आहे गं. आत ओढली की दुखत नाही," कासवीण म्हणायची.

मग कोल्ह्याला या कोनाड्यांचा वास लागला. त्याने मैनांना दाणे चारले आणि बदल्यात एवढंच मागितलं, की आपल्या खड्यांबरोबर माझं एक गोखरू ठेवत जा. मैना भोळ्या, दाणे फुकट. बघता बघता दर कोनाड्यात कोल्ह्याचं गोखरू चिकटलं. तो रोज फेरी मारायचा, गोखराला पंजा लावायचा, शेजारचे खडे निरखायचा आणि कोण कुठे गेलं, कुणाचं पोर आजारी, कुणाला कशाची धास्ती, ते सगळं त्याला कळायचं. सशिणीने एका मैनेकडून गुपचूप तापाची मुळी घेतली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात मुळीवाल्यांची रांग. मुलूख हादरला.

तेव्हा बिळं खोदणारे तिघे नदीकाठी जमले. साळिंदर, खेकडा आणि घूस. त्यांची एक रीत होती. नियम नुसता बोलून पक्का होत नसे. दोघांनी एकमेकांचं न बघता आपापल्या बिळात तो बांधायचा, दोन्हीकडे तोच खडा ठेवायचा, आणि दोन्हीकडे सारखंच घडलं तर तो नियम. ही परीक्षा बघायला नेहमी खार बसे. ती सदा मोकळी, सदा जागी.

"कोनाड्यात काही ठेवण्याआधी घरच्याला विचारावं, ठेवू का म्हणून," साळिंदर म्हणाला.

"विचारून बघितलंय," खेकडा म्हणाला. "पुरतं ऐकून न घेताच हो म्हणतात. तुम्ही शेपूट मागितलं तरी हो म्हणतील. त्यापेक्षा असं करू. एक अवस ते दुसरी अवस, कोनाड्यातल्या ज्या वस्तूला कुणी शिवलं नाही, ती मुंग्यांनी झाडून टाकावी. न विचारता, न सांगता. जुना कचरा साचला नाही की कोल्ह्याला खायला काय राहील?"

घूस जरा घुटमळली. "आणि एवढा वेळ कुणी झोपलेलं असलं तर?"

"एवढा वेळ कोण झोपतं? तुमचे यजमान?"

सगळे हसले. घूसही हसली. दोन बिळांत नियम बांधला गेला. खारीने दोन्हीकडे खडे ठेवले, दोन अवसा वाट पाहिली आणि सांगितलं, की दोन्ही कोनाडे सारखेच स्वच्छ झाले. साळिंदराला त्या दिवशी फार समाधान वाटलं. काम खरंच नेटकं झालं होतं.

कासवीण जागी झाली तेव्हा कोनाडा लख्ख होता. निळा खडा एकही नव्हता. कोपऱ्यात कोल्ह्याचं गोखरू तेवढं होतं, रोज पंजा लागून गुळगुळीत झालेलं.

ती साळिंदराकडे गेली. तिच्या चालीने जायला वेळ लागला. त्याने सगळं ऐकून घेतलं, तो काही वाईट नव्हता.

"कायमचं ठेवायची सोय केली आहे ना आम्ही," तो म्हणाला. "जो रोज येतो-जातो, त्याचं मुंग्या कधीच काढत नाहीत. तुमच्या मैनेने रोज यायला हवं होतं."

"दार बंद असताना ती येत नाही. तिची रीत आहे."

"मग कोल्हा..." साळिंदर म्हणाला आणि थांबला. काटे उगीचच उभे राहिले, पुन्हा खाली बसले. "नियम सगळ्यांना एकच आहे, बाई. तुमच्या एकटीसाठी मुंग्यांना वेगळं कसं सांगणार?"

कासवीण परत आली आणि वाळू उकरू लागली. इथे असेल, तिथे असेल. दमली की थांबायची, पुन्हा उकरायची. वाळवंटभर खड्डेच खड्डे झाले, सगळे रिकामे.

मैना आली ती ऊन चढल्यावर. कासवीण घाईने दाराशी गेली, म्हणजे तिची घाई. मैनेने कोनाड्यात डोकावून पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं, आणि अदबीने दोन पावलं मागे सरकली.

"नमस्कार बाई. या काठाला नवीन का आपण?"

"अगं, मी काकू. माझी अंडी कुठे आहेत?"

"कसली अंडी?" मैनेला खरंच वाईट वाटलं. "आपली ओळख नाही हो. पण आता होईल. नाव सांगा, मी नीट मांडून ठेवते. म्हणजे पुढच्या खेपेला विसरायची नाही."

कासविणीने मान वर केली. नदीच्या वळशापलीकडे, जिथे तिने एकही खड्डा उकरला नव्हता, तिथे आभाळात एक घार गोल फिरत होती. मग दुसरी आली, मग आणखी दोन. फिरता फिरता त्या खाली उतरू लागल्या, सगळ्या एकाच जागी.

कासवीण तिकडे चालू लागली. मागे मैना कोनाड्यातली धूळ फुंकून पहिला निळा खडा ठेवत होती.