उकळलेलं विरजण

एकदा एक वृद्ध गृहस्थ औषधाची बाटली प्रेशर कुकरमध्ये शिजवायला निघाले, आणि त्यांच्या शिष्याला वाटले की आता गुरू बदलण्याची वेळ आली.

हे वृद्ध गृहस्थ साधे नव्हते. सरकारी मत्स्यालयात त्यांनी चाळीस वर्षे खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या होत्या. निवृत्त झाल्यावर काही माणसे देवळात जातात, काही संपादकांना पत्रे लिहितात. यांनी दिवाणखान्यात एक छोटा समुद्र मांडला. तो पाहायला आलेल्यांनी आपापल्या घरी समुद्र मांडले. असे करता करता त्या शहरात खाऱ्या पाण्याच्या टाकीचा छंद पसरला.

हा छंद सोपा नाही. गोड्या पाण्यातला मासा गरीब स्वभावाचा असतो. खाणे वेळेवर मिळाले की त्याची तक्रार नसते. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे मुक्कामाला आलेले व्याही. मीठ कमी पडले, उजेड जास्त झाला, पाणी जरा तापले, की त्यांचा चेहरा बदलतो. आणि टाकी रुसली की तिच्या दगडांवर हिरवे शेवाळ धरते. ते एकदा धरले की प्रवाळ गुदमरते, काच आंधळी होते आणि मालक पाहुण्यांना बाल्कनीत बसवू लागतो.

अशा वेळी लोक शिष्याला बोलावत. शिष्य म्हणजे कोणी पोरगेला इसम नव्हता. वय चाळिशीला आलेले, विमा कंपनीतली नोकरी सोडून तो लोकांच्या टाक्यांची देखभाल करू लागला होता. अकरा घरे त्याच्या शब्दावर चालत. वृद्धांना तो अण्णा म्हणे, आणि अण्णांचे सगळे ऐके. फक्त ते त्याला पटले पाहिजे, एवढीच अट होती.

त्याच शहरात शोभेच्या माशांचा एक मोठा व्यापारी होता. त्याने एक औषध बाजारात आणले. नाव 'सिंधुसखा'. बाटलीवर निळी लाट, लाटेवर सूर्य, आणि खाली ठळक अक्षरांत : 'जिवंत जिवाणू. संपूर्ण नैसर्गिक. रसायनाचा थेंबही नाही.' मात्रा किती घालायची, हेही लिहिले होते. मात्र ते वाचण्यासाठी भिंग लागे. हे उपकारी जिवाणू शेवाळाचे अन्न खाऊन टाकतात आणि शेवाळ उपाशी मरते, असे व्यापारी समजावून सांगे. शेवाळ खरोखरच जाई. शिष्याने दोन टाक्यांत ते वापरले, खूश झाला, आणि उरलेल्या नऊ घरांत स्वतः जाऊन बाटल्या देऊन आला.

व्यापारीही खूश झाला. महिन्याभराने नगरवाचनालयाच्या सभागृहात टाक्यांचे वार्षिक प्रदर्शन होते. तिथे 'सिंधुसखा'ची नवी बाटली निघणार होती, आणि तिच्यावर शिष्याचे छायाचित्र आणि सही छापायची ठरली. शिष्याने छायाचित्र काढून घेतले. त्यात तो स्वतःपेक्षा बराच विद्वान दिसत होता.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले असताना कालिंदीबाईंची टाकी मेली.

कालिंदीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नऊ घरांपैकी एक घर त्यांचे. शिष्य पोचला तेव्हा काचेवरून फिरणाऱ्या गोगलगायी तळाशी उलट्या पडल्या होत्या, आणि सात वर्षे जपलेले जांभळे प्रवाळ पांढरे पडले होते. मासे तेवढे जिवंत होते, पण तेही एका कोपऱ्यात गोळा होऊन सभा भरल्यासारखे उभे होते.

व्यापाऱ्याचा निवाडा आधीच होऊन गेला होता. "बाई, तुमचं पाण्याकडे लक्ष नाही राहिलं," तो त्यांना फोनवर म्हणाला होता. "वय झालं की होतं असं. इतरांकडे बघा, कुणाची तक्रार नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या बाईंनी ही चूक निमूटपणे स्वतःच्या नावावर घेतली होती.

"माझ्याच हातून झालं," त्या शिष्याला म्हणाल्या. "आता मला नाही झेपत. प्रदर्शनानंतर मासे तू घेऊन जा. टाकी भंगारवाल्याला सांगते."

शिष्य तिथून थेट अण्णांकडे गेला. "अण्णा, बाईंची चूक की औषधाची?"

"तुला काय वाटतं?"

"औषधाची कशी असेल? इतर दहा टाक्या ठीक आहेत. आणि त्यात रसायनच नाही."

"कशावरून?"

शिष्याने बाटली पुढे केली. अण्णांनी भिंग लावून लेबल वाचले. लाट वाचली, सूर्य वाचला, जिवंत जिवाणू वाचले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारले, "सूनबाई, कुकर रिकामा आहे का?"

इथे शिष्याच्या मनात गुरू बदलण्याचा विचार आला.

सूनबाईंनी जुना कुकर दिला आणि तो पुन्हा वरणाला वापरायचा नाही, अशी अट घातली. अण्णांनी थोडे औषध काचेच्या बरणीत ओतले, झाकण सैल ठेवले आणि बरणी कुकरमध्ये बसवली.

"उकळायचंच असेल तर पातेल्यात उकळू ना," शिष्य म्हणाला.

"काही जिवाणू चिवट असतात. नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. टोपण घालून बसतात आणि पाणी निवलं की पुन्हा बाहेर येतात. कुकरात अर्धा तास ठेवलं, की एकही उरत नाही." अण्णांनी शिट्टी लावली. "मत्स्यालयात आम्ही सगळी भांडी अशीच शुद्ध करायचो. फक्त तिथल्या कुकरला सरकार मोठं नाव द्यायचं."

औषध निवल्यावर त्यांनी तीन बरण्यांत समुद्राचे पाणी आणि शेवाळलेला एकेक दगड ठेवला. पहिलीत काही घातले नाही. दुसरीत बाटलीतले औषध घातले. तिसरीत तेच औषध तेवढेच, पण कुकरमधले. तिन्ही बरण्या एकाच खिडकीत ठेवल्या.

चौदाव्या दिवशी शिष्य आला तेव्हा पहिल्या बरणीतला दगड हिरवागार होता. दुसरीतला स्वच्छ. तिसरीतलाही स्वच्छ, अगदी दुसरीतल्याइतकाच.

शिष्याचा चेहरा उजळला. "अण्णा, बघा. उकळलं तरी काम करतं. म्हणजे औषध किती चांगलं आहे."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. नोकरी सोडून आलेल्या माणसाला काय बोलावे, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "या बरण्या प्रदर्शनाला न्यायच्यात. आणि जाता जाता सूनबाईंकडून वाटीभर विरजण मागून दे मला."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले होते. व्यासपीठावर व्यापारी, शेजारी शिष्य, मध्ये टेबलावर सही करायचा कागद आणि त्यावर पेन. पहिल्या रांगेत कालिंदीबाई होत्या. टाकी मोडण्याआधी सगळ्यांचा निरोप घ्यायला आल्या होत्या. व्यापाऱ्याचे भाषण संपल्यावर अण्णा उठले आणि म्हणाले, "सहीच्या आधी दोन मिनिटं मला द्या." चाळीस वर्षांच्या समुद्राला दोन मिनिटे नाही म्हणणे व्यापाऱ्यालाही जमले नाही.

अण्णांनी पिशवीतून झाकण घातलेल्या दोन वाट्या काढल्या आणि कालिंदीबाईंच्या हातात दिल्या.

"बाई, उघडून सांगा."

बाईंनी एक झाकण काढले. "दही. चांगलं घट्ट लागलंय." दुसरे काढले. "हे दूधच आहे. विरजण लावायला विसरलात का?"

"लावलं होतं. दोन्हींत चमचाभर. फक्त दुसऱ्या वाटीचं विरजण मी आधी अर्धा तास कुकरात ठेवलं होतं."

"मग कसं लागेल?" बाई म्हणाल्या. "विरजण जिवंत असतं, उकळलं की मेलं. पाचवीच्या मुलांना शिकवलंय मी हे."

सभागृहातल्या बायका हसल्या. म्हातारबुवांना एवढेही ठाऊक नसावे, याचे त्यांना वाईट वाटले.

मग अण्णांनी तीन बरण्या टेबलावर मांडल्या आणि कोणत्या बरणीत काय घातले ते सांगितले. बाई उठून जवळ आल्या. त्यांनी चष्मा पुसला, तिसऱ्या बरणीतला दगड निरखला.

"यातलं औषध उकळलेलं?"

"अर्धा तास. कुकरात."

"तरीही शेवाळ गेलं?"

"तुम्हीच बघताय."

बाई सावकाश वळल्या, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात व्यापाऱ्याला म्हणाल्या, "उकळलेल्या विरजणानं दही लागलं, तर ते विरजण नव्हतं."

हसणारे थांबले. शिष्याच्या हातातला पेन टेबलावर परत गेला.

"आमचे जिवाणू विशेष आहेत," व्यापारी म्हणाला. "उष्णता सोसणारे."

"कुकरात अर्धा तास? मग त्यांना टाकीत कशाला सोडता? सैन्यात पाठवा," बाई म्हणाल्या.

या वेळी सगळे सभागृह हसले. व्यापाऱ्याने रुमालाने मान पुसली. मग त्याने सर्व व्यापाऱ्यांचे अखेरचे सत्य सांगितले. "बरं. पोहण्याच्या तलावात शेवाळ मारायला वापरतात, ते रसायन आहे. पण शेवाळ गेलं की नाही? लोकांना शेवाळ घालवायचं होतं, मी घालवलं. लेबलावर काय लिहिलं, यानं काय बिघडलं?"

अण्णा बाईंकडे वळले. "तुम्ही मात्रा किती घातलीत?"

"सांगितलेल्याच्या तिप्पट," त्या म्हणाल्या. "शेवाळ फार होतं. म्हटलं, जिवंत जिवाणू आहेत, चार जास्त गेले तर काय होणार? विरजण जास्त झालं तर दही आंबट होतं, एवढंच."

"हेच बिघडलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "रसायन लिहिलं असतं, तर या बाईंनी थेंब मोजले असते. यांनी जन्मभर अर्धा गुण मोजलाय. तुम्ही विरजण लिहिलंत, म्हणून त्यांनी विरजणासारखं वापरलं. औषधाच्या अंगी गुण आहे, ते मी नाकारत नाही. पण लेबल हे वापरणाऱ्याच्या हाताला दिलेलं वचन असतं. हात तेवढाच उचलला जातो जेवढा ते सांगतं. तुमचं औषध खरं होतं आणि शब्द खोटा होता. बाईंच्या गोगलगायी औषधानं मेल्या नाहीत, शब्दानं मेल्या. आणि दोष तुम्ही त्यांच्या वयाला दिलात."

कालिंदीबाई ताठ झाल्या. पंधरा दिवस वाकलेली पाठ सगळ्यांच्या देखत सरळ झाली.

शिष्य उठला. त्याला आता तिसरी बरणी कळली होती, आणि आपला कालचा आनंदही.

"अकरा घरांत हे मी सांगितलं," तो म्हणाला. "मी लेबल वाचलं आणि तपासलं असं समजलो. तुमच्यापैकी ज्यांना मी नको असेन, त्यांनी आजच सांगावं."

त्याने सहीचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि बाटलीवर चिकटवले : 'हे रसायन आहे. थेंब मोजून घाला. गोगलगायी आणि प्रवाळ असतील तर घालूच नका.' खाली सही केली.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. अकरा घरांबाहेरचे. "माझ्याकडे गोगलगायी नाहीत, प्रवाळ नाही. नुसते मासे आणि ढीगभर शेवाळ. ही बाटली मला द्या." शेजारच्याने विचारले, "दुसरी आहे का? मला पण अशीच हवी. तो सूर्य काढून टाका, हे ठेवा."

व्यापारी चकित होऊन पाहत राहिला. आपला माल खरे बोलूनही खपतो, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून कोणी पोचवली नव्हती. सभागृह रिकामे होण्याआधी त्याने दोन कामे केली. शिष्याचे अक्षर छापखान्याला पाठवले. आणि कालिंदीबाईंसमोर जाऊन, हात जोडून, वयाबद्दलचे शब्द परत घेतले. बाईंनी ते ऐकून घेतले, आणि "शुद्धलेखन सुधारायला वाव आहे, पण उत्तीर्ण," असे म्हणाल्या.

अकरा घरांपैकी एकाही घराने शिष्याला काढले नाही. उलट पुढच्या वर्षी ती एकोणीस झाली. नव्या घरी गेला की लोक त्याला विचारत, "तुम्हीच ना ते, स्वतःची चूक कागदावर लिहून देणारे?" आणि दार पूर्ण उघडत.

भंगारवाला कालिंदीबाईंकडे आला आणि रिकाम्या हाताने गेला. पुढच्या प्रदर्शनात त्यांची टाकी पहिली आली. दगडाच्या सांदीत बोटाच्या पेराएवढे जांभळे प्रवाळ धरले होते, आणि समोरच्या काचेवरून एक गोगलगाय आपला सरळ, स्वच्छ रस्ता आखत चालली होती. अण्णा आणि शिष्य बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे होते.

"अण्णा," शिष्य हळूच म्हणाला, "त्या दिवशी तिसरी बरणी बघून मी औषधाचं कौतुक केलं, तेव्हा तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"तुला निवायला वेळ हवा होता," अण्णा म्हणाले. "कुकर लगेच उघडत नाहीत."

बाटली उघडण्यापूर्वी लेबल वाचावे, असे शहाणे लोक सांगतात. लेबलावरच्या शब्दालाही एकदा शिट्टी होऊ द्यावी.