कढई हटून बसली

भांडी माणसांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. दिवाळीत द्वारका पहाटेपासून चुलीपुढे बसली होती. तिची नणंद पहिल्या दिवाळसणाला नवऱ्यासह संध्याकाळी येणार होती आणि अनारसे, चकल्या सगळंच व्हायचं होतं.

घाईने तिने चुलीत आणखी लाकडं सारली. पहिला अनारसा तुपात पडताच करपून गेला. दुसराही गेला.

“वहिनी, आच कमी कर,” कढई म्हणाली.

“तुला काय जातंय बोलायला? पाहुण्यांपुढे माझं तोंड काळं होईल.”

“माझं बूड कधीचंच काळं आहे, मी रडते का? तूप जळतंय, तूही जळतेस. आता एक जरी अनारसा टाकलास, तर सगळं तूप चुलीत ओतीन.”

“तोरा बघा हिचा!” चूल फुरफुरली. पण कढई हटेना.

चिडून द्वारकेने लाकडं मागे ओढली. तूप निवेपर्यंत करायला काहीच नव्हतं. ती भिंतीला टेकली, तांब्याभर पाणी प्यायली. मग तिने हलक्या हाताने तिसरा अनारसा सोडला. त्याला सुरेख जाळी पडली.

संध्याकाळी ताटात मोजके अनारसे होते.

“वहिनी, चकल्या नाहीत?” नणंदेने विचारलं.

“नाहीत,” द्वारका म्हणाली. “उद्या दोघी मिळून करू. सरक जरा, मलाही खायला बसायचंय.”