खारीने टाकून दिलेले मुद्दे

नदीकाठच्या एका जंगलात एक खार राहत असे. हुशार होती, पण भारी हावरट. खाण्याची हाव सगळ्याच खारींना असते, त्यात विशेष काही नाही. हिची हाव होती मुद्द्यांची. कोणी काही विचारले, की हिच्याकडे त्यावर सांगण्यासारखे ढीगभर असे आणि त्यातले काहीच सोडवत नसे. "आज पाऊस येईल का गं?" एवढेच विचारायला आलेला ससा भिजून चिंब झाला, तरी बाईसाहेबांचे उत्तर चालूच होते!

नदीपलीकडे वैद्यकीची एक शाळा होती. तिथे झाडपाला ओळखायला आणि मोडलेले हाड बसवायला शिकवत. खारीचा धाकटा भाऊ एकदा आंब्यावरून पडला, तेव्हा त्याचा पाय बसवणारे जंगलात कोणीच नव्हते. तो बिचारा अजून लंगडतो. तेव्हापासून वैद्य व्हायचे, असे खारीने मनाशी ठरवले होते. पण शाळेत जागा थोड्या आणि येणारे फार, म्हणून प्रवेशाला निबंधाची परीक्षा असे. परीक्षक बगळा आयत्या वेळी विषय सांगे आणि बुडाला भोक पाडलेली एक करवंटी पाण्यावर सोडे. करवंटीत हळूहळू पाणी चढे. ती बुडाली, की लिहिणे बंद. या परीक्षेला दोनदाच बसता येई.

पहिल्या खेपेला खारीने केळीच्या पानावर काट्याने भराभर मुद्दे ओरखडले. एक आठवला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येई. करवंटी बुडाली तेव्हा पान भरले होते, पण निबंध काही झाला नव्हता. नापास झाल्यावर ती बगळ्याकडे गेली. "गुरुजी, माझं काय चुकलं?"

बगळ्याने एका पायावर उभ्याउभ्या मान वळवली. "बाळ, तुझ्या पानावर पुष्कळ मुद्दे मला रामराम करून गेले. घटकाभर बसून बोलला मात्र एकही नाही."

खारीने याचा अर्थ काय घ्यावा? तिला वाटले, आपला हात कमी पडला! मग वर्षभर तिने वेगाने लिहायचा सराव केला. आई ते पाहून म्हणाली, "अगं, शेंगा गालात कोंबून पोट भरतं का? फोडून खाव्या लागतात."

"आई, हे खाण्याचं नाही गं, परीक्षेचं आहे," असे म्हणून खारीने आणखी एक पान ओढले.

दुसरी खेप आली. खारीच्या शेजारी एक मोर बसला होता. त्याची ही पहिलीच परीक्षा. बगळ्याने विषय सांगितला : वाट चुकलेल्याने काय करावे? खार मनात म्हणाली, यावर तर मला किती ठाऊक आहे! आणि तिचा काटा सुटला. सूर्य पाहावा, शेवाळ कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, मुंग्यांची रांग पाहावी, पक्षी कुठे परततात ते पाहावे. सुचेल ते ती लिहीत सुटली. अशातच तिने लिहिले, "घाबरून धावू नये. आधी थांबावे."

हे लिहिताना तिचाच काटा थांबला. तिने मान वर केली. करवंटी निम्मी पाण्यात गेली होती. हीच शेवटची संधी, आणि आपण पुन्हा तिथेच चाललो आहोत! तिला भावाचा वाकडा पाय आठवला. मग तिने चक्क काटा खाली ठेवला. मोराला वाटले, हिला वेड लागले.

खारीने आपले मुद्दे वाचले. सगळेच चांगले होते, हीच तर अडचण होती. वाईट मुद्दा टाकायला काहीच लागत नाही. चांगला टाकताना जीव तुटतो. शेवाळाची गोष्ट तिने एका म्हाताऱ्या वानराच्या मागे लागून मिळवली होती. डोळ्यांत पाणी आणून तिने तीही खोडली. अखेर तीनच मुद्दे उरले : आधी थांबावे, उंच झाडावर चढून नदी शोधावी, आणि नदीच्या कडेने चालावे. पानाच्या तळाशी शेवटासाठी बोटभर जागा तिने आधीच राखली. मग एकेक मुद्दा घेऊन तो का, कसा, हे सावकाश फोडून सांगितले. सगळे पुन्हा एकदा वाचले, एक चूक सुधारली, आणि बुडबुडे काढत करवंटी तळाला गेली.

मोराने सुरुवात मोठ्या थाटात केली होती. पहाटेचे वर्णन, दवबिंदूंचे वर्णन, मग स्वतःच्या पिसाऱ्याचेही थोडे. पण वेळ संपला तरी त्याचा वाटसरू घरातून निघालाच नव्हता!

निकालाच्या दिवशी बगळा खारीला म्हणाला, "अक्षर गिचमिड आहे, आणि एके ठिकाणी शब्द गाळला आहेस. पण मी वाट चुकलो असतो, तर तुझा निबंध वाचून घरी पोचलो असतो. उद्यापासून शाळेत ये." खार आनंदाने रडलीच.

मोर मान खाली घालून जवळ आला. "ताई, असं काय काय लिहिलंस गं तू?"

"काय काय टाकलं ते विचार," खार डोळे पुसत म्हणाली. "आणि असा तोंड पाडून उभा राहू नकोस. तुझी एक खेप अजून आहे. बस इथे, सांगते."

तात्पर्य : ठाऊक असलेले सगळे सांगायला वेळ कधीच पुरत नाही, म्हणून घाई करण्याआधी क्षणभर थांबावे, मोजकेच निवडावे आणि ते शेवटास न्यावे.