मोरबुवांच्या पिसाऱ्याचा गुण

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, एक मोर राहत असे. मुलांनो, तुम्ही म्हणाल, मोर तर पुष्कळ जंगलांत राहतात, त्यात सांगण्यासारखे काय? पण हा मोर रोग बरे करी. निदान त्याला स्वतःला तसे वाटे, आणि जंगलालाही तसेच वाटे. तो लबाड मात्र नव्हता. लबाड असता तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती आणि मलाही सांगायला सोपी गेली असती.

त्याचे असे झाले. एका दुपारी एक रानगवा पोट फुगून ओढ्याकाठी आडवा झाला होता. कोवळे गवत दिसले की हा गवा थांबायचे नाव घेत नसे, हे साऱ्या जंगलाला ठाऊक होते. जवळच मोर पिसारा फुलवून नाचत होता. पिसारा सळसळला, त्याचा वारा गव्याच्या पोटाला लागला, आणि नेमकी तेव्हाच गव्याला एक लांबलचक ढेकर आली. एवढी मोठी, की समोरच्या झाडावरचे पोपट उडाले.

"मोरा, तुझ्या पिसाऱ्यात काहीतरी शक्ती आहे!" गवा उठून बसत म्हणाला.

मोराने मान वळवून आपल्या पिसाऱ्याकडे पाहिले. एवढा सुंदर पिसारा, त्यात शक्ती असणारच, हे त्याला मनापासून पटले. तुम्हाला आम्हालाही कुणी असे म्हटले असते तर पटलेच असते.

झाले! मोराचा मोरबुवा झाला. कुणाला पडसे आले, कुणाची मान धरली, कुणाचे पोट बिघडले, की तो सकाळी मोरबुवांच्या झाडाखाली हजर. तिथली रीत ठरलेली होती. आजाऱ्याने बुवांकडे पाठ करून, डोळे मिटून पडायचे. बुवा मागे उभे राहून पिसारा सळसळवीत. अंगात ऊब शिरते आहे असे वाटले की आजाऱ्याने शेपटी हलवायची. मग दुखऱ्या जागी ओली माती थापून वर पळसाचे पान लावायचे. पूर्ण बरे वाटेपर्यंत ते पान काढायचे नाही, आत डोकावूनसुद्धा बघायचे नाही. बघितले की शक्ती उडून जाते, असे बुवांनी सांगितले होते.

पडसे काय, आज ना उद्या जायचेच. पण ते गेले की सगळे म्हणत, "बुवांचा गुण आला." एक म्हातारा ससा मात्र बरा झाला नाही. खोकून खोकून गेला बिचारा. तेव्हा गवा सगळ्यांदेखत म्हणाला, "त्याची श्रद्धाच कमी पडली." सशाची सशीण खाली मान घालून घरी गेली. मला या गव्याचा फार राग येतो, पण गोष्ट पुढे सांगायला हवी.

याच जंगलात एक हरिणी होती. तिला एकच पाडस होते, आणि ते एक दिवस लंगडत लंगडत तिच्यापाशी आले. पाय टेकवेना. हरिणीने त्याला लगेच मोरबुवांकडे नेले. पिसारा सळसळला, माती थापली, पान लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिसारा, वर आणखी माती, आणखी एक पान. पण पाय काही बरा होईना. उलट तो सुजत चालला. पाडस गवताला तोंड लावीना.

"आई, पान काढ ना," ते कण्हत म्हणाले. "आत फार ठणकतं."

"नको रे राजा," हरिणी त्याला चाटत म्हणाली. "शक्ती उडून जाईल. थोडं सोस."

वरच्या फांदीवर एक कावळा बसला होता. त्याला राहवले नाही. तो म्हणाला, "ताई, पानाखाली काय आहे ते एकदा बघ तरी."

हरिणी भडकली. "कावळेभाऊ, तुला बोलायला काय जातं? माझं पोटचं पोर आहे ते! अख्ख्या जंगलाला बुवांचा गुण आला आणि तू तेवढा शहाणा?"

"मी शहाणा नाही," कावळा म्हणाला. "पण मी पोळलेला आहे. माझे आजोबा एकदा एका फांदीवर बसले आणि फांदी कडाडून तुटली. फांदी आतून वाळवीने पोखरलेली होती. पण नाव कुणाचं झालं? आमचं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आजही सगळे म्हणतात. म्हणूनच सांगतो, दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. मोर नाचला आणि गव्याला ढेकर आली. गवताचं नाव कुणी घेतलं का?"

हरिणी पाडसाला चाटत राहिली.

"आणि तो ससा," कावळा पुढे म्हणाला. "बरा झाला तर बुवांचा गुण, मेला तर सशाचा दोष. मग बुवांचं चुकलं हे कळणार तरी कसं?"

हरिणीने त्याच्याकडे पाठ फिरवली. पण सकाळी पाडस दूधही प्यायले नाही. त्याचे अंग तव्यासारखे तापले होते. हरिणीच्या तोंडचे पाणी पळाले. ती थेट मोरबुवांच्या झाडाखाली गेली. तिथे नेहमीसारखी गर्दी जमली होती.

"बुवा," ती म्हणाली, "माझा तुमच्यावर राग नाही. पण माझ्या बाळाचा जीव तुमच्या पिसाऱ्यावर टांगलाय. पिसाऱ्यात शक्ती आहे हे मला एकदा दाखवाल का?"

गर्दीत खळबळ उडाली. गवा खूर आपटत पुढे आला. "दाखवायचं काय त्यात? हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी बरा झालो ना!" हात नसलेल्या गव्याने हे म्हणावे याचे कुणालाच हसू आले नाही, इतके सगळे गंभीर होते.

पण मोर रागावला नाही. त्याला स्वतःविषयी यत्किंचितही शंका नव्हती. "दाखवतो की," तो म्हणाला. "कसं दाखवू ते सांगा."

हरिणीच्या मागोमाग आलेला कावळा खाली उतरला. "आधी दोन गोष्टी विचारतो, बुवा. तुमची शक्ती करवंदाच्या जाळीपलीकडे पोचते का?"

"जाळीचं काय घेऊन बसलास? तिला डोंगरही अडवू शकत नाही."

"आणि पिसारा सळसळला नाही, नुसता फुलवून मनात शक्ती आणली तर?"

"शक्ती मनाचीच असते. सळसळ आपली वरवरची."

"मग झालं," कावळा म्हणाला.

त्याने बिळातून एका साळिंदराला उठवून आणले. ते बिचारे दिवसाचे झोपणारे, जांभया देत देत आले. मोर आणि साळिंदर करवंदाच्या जाळीमागे उभे राहिले. जाळीच्या अलीकडे गवा आणि आणखी काही दुखणेकरी डोळे मिटून, पाठ करून पडले. ऊब वाटली की शेपटी हलवायची, ही बुवांचीच रीत. बाकीचे प्राणी बाजूला उभे राहिले. त्यांना जाळीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या, पण कुणी अवाक्षर काढायचे नाही असे ठरले.

कावळ्याने चोचीने साळिंदराला खूण केली. साळिंदराने आपले काटे सळसळवले.

गव्याची शेपटी हलली. "अहाहा! शिरली बघा ऊब," तो म्हणाला. बाकीच्यांच्याही शेपट्या हलल्या.

आता कावळ्याने मोराला खूण केली. मोराने आवाज न करता पिसारा फुलवला. डोळे मिटले. सगळी शक्ती एकवटली. त्याची मान थरथरू लागली, इतका त्याने जोर लावला. अलीकडे गवा कान हलवून माश्या हाकलत होता. शेपटी एकाचीही हलली नाही.

"पुन्हा," मोर कसाबसा म्हणाला.

पुन्हा केले. या वेळी आधी मोर आणि मग साळिंदर. मोराच्या वेळी सारे गप्प, साळिंदराच्या वेळी सगळ्यांच्या शेपट्या. मोराने आणखी एकदा करायला लावले. तेच झाले.

डोळे उघडल्यावर बाकीच्यांनी काय घडले ते सांगितले, तेव्हा गवा ओशाळला. "पण मला खरंच ऊब वाटली होती हो," तो म्हणाला.

"वाटली असेल," कावळा म्हणाला. "तू खोटं बोलला नाहीस. आवाज आला की ऊब येणार अशी तू वाट बघत होतास, म्हणून ती वाटली. पण त्या उबेने रोग बरा होतो का, हे आपण कुणी कधी बघितलंच नाही."

जाळीमागून मोर बाहेर आला. त्याचा पिसारा मिटला होता आणि मातीतून ओढला जात होता. मला त्याची कीव येते. त्याने कुणाला मुद्दाम फसवले नव्हते, पण त्याच्यामुळे फसायचे ते सगळे फसले होते. तेवढ्यात गर्दीच्या मागून एक बारीक आवाज आला. ती सशीण होती.

"बुवा, मग आमच्या ह्यांची श्रद्धा कमी पडली नव्हती?"

मोराने मान वर केली. सगळे त्याच्याकडे पाहत होते. गप्प बसला असता तरी चालले असते. पण तो म्हणाला, "नाही, बाई. त्यांची श्रद्धा पुरेपूर होती. माझ्याजवळच काही नव्हतं."

सशीण मटकन खाली बसली आणि रडू लागली. पण ते रडणे मोकळे होते.

मग मोर हरिणीकडे वळला आणि जवळजवळ ओरडलाच, "ताई, पान काढ! आधी पान काढ!"

हरिणी धावत पाडसाकडे गेली. सगळे तिच्यामागे गेले. तिने दातांनी पाने ओढून काढली. ओढ्याच्या पाण्याने माती धुतली. खुराच्या बेचक्यात, सुजेच्या मधोमध, एक काळा ठिपका दिसत होता.

"काटा!" झाडावरून एक वानरीण म्हणाली. ती सरसर खाली उतरली. वानरांची बोटे रोज एकमेकांच्या केसांत चालतात, त्यामुळे बारीक वस्तू धरण्याची तिला सवय होती. तिने सूज दोन्हीकडून दाबली, नखांत टोक पकडले आणि ओढले. बोरीचा लांब काटा बाहेर आला, त्यामागून पू आला, आणि पाडस किंचाळले. हरिणीने डोळे मिटून घेतले.

"आता बरा होईल ना तो?" तिने कावळ्याला विचारले.

"होईल असं मी छातीठोक सांगणार नाही," कावळा म्हणाला. "जखम झाकू नकोस, स्वच्छ ठेव. सूज उतरते का ते रोज बघू. नाही उतरली तर दुसरं काही शोधू."

हरिणीला हे उत्तर आवडले नाही. आईला असली उत्तरे आवडत नाहीत. पण त्यात खोटे काही नव्हते, आणि ती रोज बघत राहिली. मोरही तिथेच बसला. जखमेवर माश्या बसायला लागल्या की तो पिसाऱ्याने वारा घाली. माश्या उडताना सगळ्यांना दिसत, त्यामुळे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याच संध्याकाळी पाडस घोटभर दूध प्यायले. हळूहळू सूज उतरली. मग एका सकाळी पाडसाने पाय टेकवला.

हे बघून गवा इतका आनंदला की त्याच्या अंगात पुन्हा जुना गवा जागा झाला. "वानरीणबाई!" तो ओरडला. "तुमच्या बोटांत काहीतरी शक्ती आहे! सकाळपासून माझं पोट फुगलंय, जरा बोट लावता का?"

वानरिणीने कपाळावर हात मारला. पण तिच्याआधी मोरच बोलला.

"बोट राहू दे," तो म्हणाला. "आधी सांग, काल किती गवत खाल्लंस?"

सारे जंगल खो खो हसले. गवाही हसला आणि हसता हसता त्याला ढेकर आली. पाडस त्या आवाजाने दचकले आणि पळत सुटले. चारही पायांनी, सागाच्या झाडांमधून, ओढ्याच्या पार टोकापर्यंत. हरिणी ते बघत उभी राहिली आणि मग तीही त्याच्यामागे धावली.

तात्पर्य : बरे वाटले म्हणजे बरे झाले असे नाही. ज्या उपायावर जीव सोपवायचा तो आधी पारखून घ्यावा, कारण खरा उपाय पारखण्याला भीत नाही, आणि खोटा असेल तर वेळीच पान काढता येते.