तांबडीवरचा आळ

माणसांना कोंबड्यांची भाषा कळायची, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. भाषा कळायची म्हणून माणसं शहाणी होती, असं मात्र समजू नका.

डोंगराखालच्या एका गावात एका बाईचं खुराडं होतं. त्यात चार-पाच कोंबड्या आणि एक तुरेवाला कोंबडा. बाई मनाने वाईट नव्हती, पण भारी आळशी. संध्याकाळी उरलेल्या दाण्यांची पाटी उचलून घरात ठेवायची, एवढं साधं काम तिच्याने होत नसे. "राहू दे, सकाळी खातील," म्हणायची आणि दार लोटायची.

दाण्यांच्या वासाने उंदीर आले. त्यांनी पाटीच्या खालीच बीळ केलं. आधी दाणे खाल्ले, मग त्यांची नजर अंड्यांवर गेली.

तांबडी कोंबडी तेव्हा अंडी उबवत होती. उंदीर दिसला की ती पिसं फुलवून धावायची आणि चोचीने त्याला पिटाळायची. स्वतःच्याच नव्हे, सगळ्यांच्या अंड्यांसाठी ती भांडायची. उंदरांचा म्हातारा म्होरक्या मग कोंबड्याकडे गेला.

"कोंबडेराव, तुम्ही आमच्या वाटेला जाऊ नका, आम्ही तुमच्या पायांना दात लावणार नाही."

"मला काय करायचंय?" कोंबडा म्हणाला. खुराड्याचा राखणदार म्हणवणारा हा कोंबडा!

एकदा तांबडी पाणी प्यायला बाहेर गेली. परत येते तो घरट्यात टरफलं. ती वेड्यासारखी चोचीने टरफलं उलटी करू लागली, एखादं तरी अंडं शाबूत असेल म्हणून. तेवढ्यात बाई आली आणि तिला तांबडीच्या चोचीला लागलेला बलक दिसला.

"अगं सटवे, स्वतःचीच अंडी खातेस?"

"मी नाही हो बाई! उंदरांनी खाल्ली. ती पाटी उचलून बघा, खाली बीळ आहे."

बाईने पाटी उचलली नाही. उचलली असती तर स्वतःचा आळस दिसला असता ना! तिने कोंबड्याला विचारलं, "काय रे, ही म्हणते ते खरं का?"

कोंबड्याने सगळं पाहिलं होतं. तो आढ्याकडे बघत म्हणाला, "मला काही ठाऊक नाही."

आणि बाकीच्या कोंबड्या? त्यांनी माना खाली घातल्या आणि माती उकरायला लागल्या. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं. एक शब्द हवा होता, फक्त एक!

"अंडी खाणारी कोंबडी ठेवली, तर दुसऱ्याही बिघडतात," असं म्हणत बाईने तांबडीला पायांना धरून उचललं. ती शेवटपर्यंत ओरडत होती, "पाटी उचला हो, पाटी उचला!" दुपारी घरात कालवणाचा वास सुटला. बाई दोन घास जास्तच जेवली.

आता उंदरांना अडवणारं कोणी राहिलं नाही. ते दिवसाढवळ्या फिरू लागले. अंडी संपवली आणि एका सकाळी काळ्या कोंबडीचं पिल्लू ओढून नेऊ लागले. कोंबडा मध्ये पडला खरा, पण उशीर झाला होता. उंदीर बिळात पळाले आणि मेलेल्या पिल्लाजवळ रक्ताळल्या चोचीचा कोंबडा तेवढा उरला.

आरडाओरडा ऐकून बाई धावत आली. "आता तू पिल्लं मारायला लागलास?" तिने त्याची मान धरली.

"सोडा त्याला!" काळी किंचाळली. "उंदरांनी मारलं माझं पिल्लू. तांबडीची अंडीही त्यांनीच खाल्ली. आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

आता कुठे बाईने पाटी उचलली. खाली हात जाईल एवढं बीळ! तिने दगड आणि खापऱ्या ठोकून ते बुजवलं. त्या संध्याकाळपासून उरलेले दाणे घरात जाऊ लागले. खायला मिळेना, तसे उंदीर दुसरीकडे निघून गेले. बघा, एवढंसंच काम होतं. आणि एवढ्याशा कामासाठी तांबडी जिवानिशी गेली.

बीळ बुजवून झाल्यावर बाई खुराड्याच्या दारात बसली होती. स्वतःला दोष देणं जड गेलं, म्हणून काळीलाच म्हणाली, "त्या दिवशीच का नाही बोललीस गं?"

काळी खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी माझं काही गेलं नव्हतं."

तात्पर्य: निरपराधावर आळ येत असताना जो गप्प राहतो, तो चोराचा भागीदार होतो.