आखाजीची पहिली घागर बंबाला

बंबखान्याच्या अंगणातला तो आगीचा जुना लाल बंब पाहिलात ना, ज्याच्या मागच्या चाकाशी कडुनिंब उगवला आहे? चाळीस वर्षं झाली, तो जागचा हललेला नाही. इंजिन काढून नेलं, चाकं जमिनीत रुतली, लाकडी शिडीला वाळवी लागली. तरी त्याच्या टाकीत रोज सकाळी विहिरीचं पाणी भरतात, आणि ते भरून होईपर्यंत इथला एकही माणूस चहाला तोंड लावत नाही. टाकी बुडाशी गळते. दिवसभर थेंब थेंब झिरपून दुसऱ्या सकाळी ती पुन्हा रिकामी होते. त्या गळतीवरच हा कडुनिंब वाढला. नवा साहेब आला की म्हणतो, एकदा झाळून का घेत नाही? जुने लोक ऐकून घेतात आणि बादली उचलतात.

यामागची हकीकत धामणपुरात अशी सांगतात.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावात तेव्हा हा एकच बंब. विलायतेहून आलेला, वर छप्पर नाही, पुढे पितळी घंटा, आणि सुरू करायचा तर दोघांनी मिळून हँडल मारायचं. तो चालवायचा उकंडा गावंडे. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्यावर कादर जमादार. आगीवरून परत आलं की आधी बंबाला पाणी, मग माणसाला, असा जमादारांचा नेम होता. माणूस तहानलेला धावू शकतो, रिकामा बंब धावून काय करणार, असं ते म्हणायचे. टाकी भरायचं काम ड्रायव्हरचं. ती भरली की नाही हे बाहेरून बोटाच्या पेरांनी ठोकून पाहायचे. रिकामी टाकी टणटण वाजते, भरलेली गप्प असते.

चैत्र सरता सरता एका जिनाला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. कापसाची आग वरून विझते आणि आत चालूच राहते. गाठ फोडावी तर पोटात पुन्हा लाल. तीन दिवस माणसं गाठी फोडत होती, भिजवत होती, पुन्हा फोडत होती. पाण्यासाठी बंबखान्याच्या विहिरीपर्यंत किती खेपा झाल्या ते कुणालाच आठवेना. प्रत्येक खेपेला गर्दी हटवायला घंटा वाजवावी लागे. चौथ्या दिवशी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, बंब परत आला तेव्हा माणसं उतरली नाहीत, गळून पडली म्हणे. एक जण बूट पायात तसाच ठेवून ओट्यावर झोपला.

उकंडा एकटा विहिरीवर गेला. चार बादल्या ओढल्या, टाकीत ओतल्या. पाचवीला हात भरून आले, म्हणून तो बंबाच्या पायरीवर घडीभर टेकला. डोळा लागला. जाग आली तेव्हा आपण किती पाणी ओतलं ते त्याला सांगता येईना. समोर जमादार उभे होते, त्यांचेही डोळे कापसाच्या धुराने सुजलेले.

त्यांनी विचारलं, "उकंडा, टाकी?"

उकंडाने टाकी ठोकली. तीन दिवसांच्या घंटेने त्याच्या कानात नुसती गुंगुं भरून राहिली होती. टाकी त्याला गप्प वाटली.

"भरली," तो म्हणाला.

दुपारी वारा सुटला आणि रुळापलीकडच्या हमालपुऱ्यात धूर दिसला. सगळी गवती छपरांची घरं, एकाला एक चिकटलेली. माणसं उठली, टोप चढवले, हँडल मारलं. घंटा वाजवत दोन मैल बंब धावला. पुऱ्याच्या तोंडाशी नळी पसरली, पंप सुरू झाला. नळीच्या पितळी तोंडातून चूळ भरून टाकावी एवढं पाणी आलं आणि मग नुसता वारा फुसफुसला.

नळी धरलेल्या माणसाने ती हळूच खाली ठेवली. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "नुसती घंटी वाजवाले आले काय जी?"

उकंडाला सगळं कळलं. परत जाऊन टाकी भरून येईपर्यंत पुऱ्याची राख झाली असती. पुऱ्यातली विहीर होळीपासून कोरडी होती. बाया जिनाच्या नळावरून मिळेल तेवढं पाणी आणत, आणि जिनही आता बंद पडलं होतं. तो बंबाच्या चाकाला पाठ लावून उभा राहिला. त्याला पळावंसंही वाटलं नाही. पळायला अंगात काही शिल्लक असावं लागतं.

त्या दिवशी पुऱ्यात घरोघर पाणी होतं ते एवढंच, आखाजीच्या घागरींत. गेलेल्या माणसांच्या नावाने भरून, पुजून ठेवलेलं. त्या दिवसापुरतं ते पितरांचं, जित्यांनी त्याला हात लावायचा नाही. पोरांनी पाणी मागितलं तरी आयांनी सकाळपासून त्या घागरी झाकून ठेवल्या होत्या.

भागाबाई नावाची एक विधवा होती. तिचा नवरा निवृत्ती जिनात हमाली करायचा. आदल्या वर्षीच्या आगीत तो गाठींमागे अडकला. त्याला बाहेर काढलं ते उकंडाने, पण उशीर झाला होता. निवृत्ती गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. भागाबाई जळत्या घरातून बाहेर आली ती त्याची घागर कडेवर घेऊन. ती थेट बंबापाशी आली.

"त्याले तवाच पाणी पाहिजे होतं," ती म्हणाली. "आता हे इथं ओता."

उकंडाचे हात पुढे होईनात. शेवटी जमादारांनी घागर घेतली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि टाकीचं झाकण उघडलं. मग दुसरी बाई आली. मग रांगच लागली. कुणाच्या सासऱ्याची घागर, कुणाच्या आईची, एकीची तान्ह्या लेकीची, अगदी लहान. त्या ओतल्या जात होत्या तेव्हा प्रत्येक बाई गेलेल्याचं नाव घेत होती असं सांगतात. टाकी जेमतेम चौथाई भरली.

आता तेवढ्या पाण्याचं काय करायचं, हे बंबवाल्यांनाच माहीत असतं. थोडं पाणी जळत्या घरावर मारायचं नसतं. जे अजून पेटलं नाही ते भिजवायचं आणि जे पेटलं ते जाऊ द्यायचं. जमादारांनी नळी उकंडाच्या हातात दिली. पेटलेल्या ओळीत पहिलंच घर भागाबाईचं होतं.

उकंडा तिच्याकडे वळला. "भागाबाई, तुमचं घर..."

"माह्या घरात आता काई नाई," ती म्हणाली. "तिकडं लेकरं हायेत. तिकडं मारा."

त्याने नळीचं तोंड फिरवलं. मागच्या ओळींची छपरं तो भिजवत राहिला, बाकीचे कुऱ्हाडीने मधल्या झोपड्या पाडत राहिले. पहिली ओळ गेली. मागच्या चार वाचल्या. टाकी संपली तेव्हा आगीलाही पुढे जायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी बंबखान्यात उकंडाने जमादारांपुढे टोप काढून ठेवला. टाकी रिकामीच होती, मी ठोकली पण मला कळलं नाही, तेव्हा मला घरी पाठवा, असं तो म्हणाला. जमादार म्हणाले, "मी विचारलं. झाकण उघडून पाहिलं नाही. तुला घरी पाठवलं तर मला कोण पाठवणार?" त्यांनी टोप त्याच्या मांडीवर परत ठेवला. टाकी भरल्याशिवाय आपण पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असं उकंडाने तिथेच ठरवलं. विहिरीपर्यंत चालायचं त्राणही अंगात नव्हतं, म्हणून तो तसाच कोरड्या तोंडाने आडवा झाला.

आजही इथे टाकी ठोकून पाहत नाहीत. झाकण उघडून कोपरापर्यंत हात बुडवतात. आजही आखाजीला हमालपुऱ्यातल्या बाया पहिली घागर या बंबात ओततात आणि दुसरी घरी पुजतात. टाकी गळते ती पितरं पितात म्हणून, असंही म्हणतात. ती झाळायची नाही, रोज भरायची, एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

पण हे सगळं मागाहून आलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडाने एकट्याने टाकी काठोकाठ भरली, आत हात घालून पाहिलं, मग एक नवी घागर भरून खांद्यावर घेतली आणि दोन मैल चालत तो हमालपुऱ्यात गेला. जळलेल्या घराच्या जागी भागाबाई बसली होती. तिने निवृत्तीच्या नावाने घागर पुजली, आणि त्यातलं पाणी आधी ती प्यायली, मग उकंडा.